चालू सर्व्हरवर ईएक्सटी४ ची सेटिंग बदलताना: राखीव जागा, नोएटाइम आणि एफएसटॅब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. उबुंटू २२.०४ चा सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये आहे, त्यात २ टीबीची वेगळी डिस्क /डेटा वर माउंट केलेली (म्हणजे त्या फोल्डरला जोडलेली), फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ईएक्सटी४, त्यावर स्कॅन केलेली कागदपत्रं आणि रात्रीचे बॅकअप. जागा दाखवणारी कमांड डीएफ -एच दाखवतेय साइझ १.८ टी, वापरलेली १.७ टी आणि शिल्लक शून्य, आणि लोकांना फाइल सेव्ह करताना जागा नाही म्हणून एरर येतोय. ट्यूनटूएफएस या ईएक्सटीची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने पाच टक्के राखीव जागा मोकळी होते असं तुम्ही वाचलंत, त्याच ठिकाणी नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न लिहिण्याचा ऑप्शन) पण लावा असं लिहिलं होतं. तर हे दोन्ही लोक काम करत असताना करता येईल का, डेटा जाईल का, आणि रीबूटनंतर टिकेल का.

राखीव जागा कमी करणं चालू सर्व्हरवर करता येतं, अनमाउंट करावं लागत नाही, डेटाला हात लागत नाही आणि रीबूटनंतरही टिकतं. नोएटाइम पण चालू असताना लावता येतं, पण ते आपोआप टिकत नाही, त्यासाठी एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये लिहावं लागतं, आणि धोका खरा तिथे आहे. ट्यूनटूएफएसला लोक घाबरतात आणि एफएसटॅब बिनधास्त एडिट करतात, माझ्या मते भीती उलट हवी.

हे नीट कळायचं तर एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फाइल सिस्टिमची सेटिंग तीन वेगवेगळ्या जागी असते. पहिली जागा डिस्कवरच, सुपरब्लॉकमध्ये (फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणाऱ्या भागात), ट्यूनटूएफएस तिथे लिहितं आणि डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावली तरी ती सोबत जाते. दुसरी जागा म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेमरीत, आत्ता ही डिस्क कोणत्या ऑप्शनने माउंट आहे ते, हे माउंट कमांडने बदलतं आणि रीबूट झालं की पुसलं जातं. तिसरी /ईटीसी/एफएसटॅब, म्हणजे पुढच्या वेळी माउंट करताना काय ऑप्शन द्यायचे त्याची साधी टेक्स्ट फाइल, ती एडिट केल्याने आत्ता काहीच बदलत नाही. कोणतीही कमांड मारायच्या आधी आपण या तिघांतल्या कुठे बदल करतोय हे स्वतःला विचारायचं. "मी बदललं होतं पण रीबूटनंतर गेलं" किंवा "मी तर काहीच केलं नव्हतं आणि सर्व्हर उठला नाही" या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच गोंधळ असतो.

कमांडची नावं मी आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशी उच्चाराने लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायची. ट्यूनटूएफएस मधला टू हा आकडा आहे. ऑप्शनची अक्षरं सगळी छोटी, मोठं अक्षर असेल तिथे तसं सांगतो, कारण या कमांडमध्ये छोटं-मोठं अक्षर बदललं की अर्थच बदलतो, उदाहरणार्थ छोटा एल माहिती दाखवतो आणि मोठा एल लेबल बदलतो, छोटा आय तपासणीचा कालावधी ठरवतो आणि मोठा आय आयनोडचा (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा) आकारच बदलायला घेतो.

आधी तयारी. एलएसबीएलके -एफ मारा, कोणती डिस्क, कोणतं पार्टिशन, कोणती फाइल सिस्टिम, कुठे माउंट आहे सगळं एका नजरेत दिसतं. समजा तुमचं पार्टिशन /डेव्ह/एसडीबी१ निघालं तर पुढे सगळीकडे तेच लिहा, नुसतं एसडीबी नाही, शेवटचा १ महत्त्वाचा. पूर्ण डिस्कचं नाव दिलंत किंवा फाइल सिस्टिम ईएक्सटी कुटुंबातली नसली तर ट्यूनटूएफएस "बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक" म्हणून नकार देतं. त्या मेसेजने घाबरून लगेच एफएसके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका, बहुतेक वेळा चुकीचं नाव दिलेलं असतं एवढंच. आणि माउंट असलेल्या फाइल सिस्टिमवर ईटूएफएसके (ईएक्सटीसाठीचं एफएसके) दुरुस्तीसाठी कधीच चालवायचं नाही, तुम्ही फाइल वापरताय आणि ते खालून ब्लॉकचा हिशोब बदलतंय असं झालं तर चांगली फाइल सिस्टिम पण खराब होते.

मग सुडो ट्यूनटूएफएस -एल /डेव्ह/एसडीबी१ चं आउटपुट एका फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल तुमच्या लॅपटॉपवर कॉपी करा, सर्व्हरवरच ठेवून उपयोग नाही. यात आत्ताची सगळी सेटिंग लिहिलेली असते, परत मूळ जागी यायचं तर हाच कागद कामाला येतो. सोबत डंपईटूएफएस चं आउटपुट पण ठेवलंत तर आणखी चांगलं, त्यात सुपरब्लॉकच्या जादा प्रती कोणत्या ब्लॉकवर आहेत ते असतं. ४ केबीच्या ब्लॉकला पहिली प्रत ३२७६८ नंबरवर असते, आणि मूळ सुपरब्लॉक कधी खराब झालाच तर ईटूएफएसकेला -बी देऊन त्या प्रतीवरून डिस्क वाचवता येते.

बॅकअपबद्दल वेगळं सांगायला नको पण सांगतो, तुमचे रात्रीचे बॅकअप त्याच डिस्कवर आहेत ज्यावर मूळ कागदपत्रं आहेत. ती डिस्क गेली तर दोन्ही गेले. हा प्रश्न जागेच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, कृपया तो पुढे ढकलू नका.

आता पाच टक्क्यांचा विषय. ईएक्सटी४ बनवताना डीफॉल्टने ५ टक्के ब्लॉक (जागेचे ठरावीक आकाराचे तुकडे) रूट युजरसाठी, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या ॲडमिनसाठी, राखून ठेवले जातात. एसटीत आमदार-खासदारांसाठी सीट राखीव असते तसं समजा, फरक एवढाच की एसटीत ते आले नाहीत तर आपण बसतो, इथे जागा रिकामी असली तरी साध्या युजरला मिळत नाही. ही पद्धत बर्कलेच्या जुन्या यूनिक्सपासून आली, १९९३ च्या ईएक्सटी२ मध्येही होती आणि पुढे ईएक्सटी४ पर्यंत तशीच राहिली. त्याची कारणं दोन. एक, डिस्क पूर्ण भरली तरी रूटला लॉगिन करून साफसफाई करता यावी आणि सिस्टिमच्या सर्व्हिसना लॉग लिहायला थोडी जागा असावी. दुसरं, फाइल सिस्टिम अगदी काठोकाठ भरली की नव्या फाइलला सलग जागा मिळत नाही, तुकडे तुकडे होतात आणि वेग पडतो. काही शे एमबीच्या डिस्कवर ५ टक्के म्हणजे थोडीशी जागा होती, तुमच्या डिस्कवर हिशोब करून बघा: २ टीबी म्हणजे ४ केबीचे सुमारे ४८ कोटी ८२ लाख ब्लॉक, त्याचे ५ टक्के सुमारे २ कोटी ४४ लाख ब्लॉक, म्हणजे डीएफ -एच ज्या हिशोबाने दाखवतं त्यात जवळजवळ ९३ जीबी. तुमचे १.८ मधले १.७ वापरलेले आणि तरी शिल्लक शून्य, याचा खुलासा हाच.

कमांड अशी: सुडो ट्यूनटूएफएस -एम १ /डेव्ह/एसडीबी१. एका सेकंदात होतं, "सेटिंग रिझर्व्ड ब्लॉक्स परसेंटेज टू १%" असा मेसेज येतो आणि लगेच डीएफ मध्ये फरक दिसतो. दशांशही चालतात, ०.५ दिलं तर अर्धा टक्का. टक्क्यांऐवजी नेमके ब्लॉक सांगायचे असतील तर -आर आहे. परत पूर्वीसारखं करायचं तर -एम ५. सुपरब्लॉकमधला एक आकडा बदलतोय, तुमच्या फाइलींना कुणी शिवत नाही.

हिशोबाने ७४ जीबीच्या आसपास शिल्लक दिसायला हवी, पण तुमच्याकडे ती कमी दिसण्याची दाट शक्यता आहे, आणि तुमचा रात्रीचा बॅकअप कसा चालतो ते वाचून मला हे आधीच सांगावंसं वाटतंय. बॅकअप रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालतो, आणि रूटला राखीव जागा वापरायची परवानगीच आहे. म्हणजे लोकांना जागा नाही असा एरर यायला लागल्यावरही बॅकअप रोज रात्री निमूट त्या ९३ जीबीमध्ये लिहितोय, त्यातली किती खाऊन झाली ते डीएफ सांगत नाही, ते शिल्लक शून्यच दाखवत राहतं. त्यासाठी कमांड चालवायच्या आधी स्टॅट -एफ /डेटा मारा. त्यात ब्लॉकच्या ओळीत फ्री आणि अव्हेलेबल असे दोन वेगळे आकडे येतात. फ्री म्हणजे खरोखर रिकामे ब्लॉक, अव्हेलेबल म्हणजे साध्या युजरला मिळू शकणारे. फ्रीला ४०९६ ने गुणा, तेवढीच जागा खरी उरली आहे. ती २० जीबीच निघाली तर -एम १ ने लोकांच्या हाताला एक-दीड जीबी लागेल, आणि ती आजच्या रात्रीचा बॅकअप खाऊन टाकेल. तेव्हा आधी जुने बॅकअप काढा, आणि बॅकअपचा जॉब रूटऐवजी वेगळ्या युजरने चालवता येत असेल तर तसं करा, म्हणजे निदान राखीव जागा खरंच राखीव राहील. युजर बदलताना त्याला सगळी कागदपत्रं वाचायची परवानगी आहे ना ते तेवढं तपासा.

शून्य टक्के करावं का हे बरेच जण विचारतात. ज्या डिस्कवर फक्त मोठ्या फाइली एकदा लिहून ठेवायच्या आहेत, उदाहरणार्थ व्हिडिओ किंवा जुने अर्काइव्ह, तिथे ० चालेल. रोज लिहिणं-पुसणं होत असलेल्या डिस्कवर मी १ ठेवतो. आणि सिस्टिमच्या रूट पार्टिशनवर ५ टक्के तसेच राहू द्या, तिथे डिस्क सहसा छोटी असते, वाचणारी जागा किरकोळ असते, आणि तिथे भरलं तर सर्व्हरमध्ये शिरून सफाई करणंही अवघड होतं. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसवाल्यांनी हे लक्षात घ्यावं की डेटाबेस रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे राखीव जागेचा त्याला काही आधार नाही, डिस्क भरली की डेटाबेस बाकी साध्या युजरसारखाच अडतो.

जागा नाही हा एरर जागा असतानाही येतो, म्हणून डीएफ -आय पण बघून घ्या. ईएक्सटी४ मध्ये आयनोडची संख्या फाइल सिस्टिम बनवतानाच ठरते, डीफॉल्टने दर १६३८४ बाइटला एक, म्हणजे तुमच्या डिस्कवर सुमारे १२ कोटी २० लाख. स्कॅन केलेल्या पानांना ते भरपूर आहेत, पण कोट्यवधी बारीक फाइली असतील, सेशन फाइली, थंबनेल, मेलबॉक्स, तर आयनोड संपतात आणि डीएफ -एच मध्ये जागा दिसत असूनही एक फाइल बनत नाही. हा आकडा ट्यूनटूएफएस ने वाढवता येत नाही. मोठा आय ऑप्शन बघून लोकांना वाटतं की येतो, पण तो एका आयनोडचा आकार बदलतो, संख्या नाही. फाइल सिस्टिम मोठी केली की त्या प्रमाणात आयनोड वाढतात, नाहीतर नव्याने बनवायची. आणखी एक शक्यता, कुणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केली पण ज्या प्रोसेसने ती उघडली होती ती अजून चालू आहे, अशी जागा प्रोसेस बंद होईपर्यंत सुटत नाही. एलएसओएफ +एल१ (इथला एल मोठा) मारलं की अशा फाइली दिसतात, मग ती सर्व्हिस रीस्टार्ट करायची.

आता नोएटाइम. फाइल वाचली की तिची शेवटची वाचल्याची वेळ डिस्कवर लिहिली जाते, म्हणजे प्रत्येक वाचण्यामागे एक लिहिणं, ते बंद करायचं म्हणजे नोएटाइम. एकेकाळी याने खूप फरक पडायचा. पण २००९ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.३० पासून कर्नलमध्ये रीलएटाइम हेच डीफॉल्ट आहे, म्हणजे फाइल बदलल्यानंतर पहिल्यांदा वाचली किंवा आधीची नोंद २४ तासांपेक्षा जुनी असली तरच वेळ लिहायची. त्यामुळे आज नोएटाइम लावून सर्व्हर दुप्पट पळेल असं जे लिहिलेलं असतं ते मनावर घेऊ नका. तुमच्याकडे मात्र त्याचा थोडा उपयोग आहे, कारण बॅकअप रोज रात्री सगळ्या फाइली वाचतो आणि त्या २४ तासांच्या नियमामुळे त्यातल्या बऱ्याच फाइलींच्या आयनोडवर रोज एक लिहिणं होतं. लावा, पण "सहा महिने न वाचलेल्या फाइली हलवा" अशी एखादी स्क्रिप्ट चालू असेल तर ती चुकीच्या फाइली उचलायला लागेल, ते आधी बघा. नोएटाइम दिलं की नोडीरएटाइम वेगळं द्यायची गरज नाही.

आत्ता लावून बघायचं: सुडो माउंट -ओ रीमाउंट,नोएटाइम /डेटा. स्वल्पविरामानंतर स्पेस नको. यातली एक बारीक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, फक्त /डेटा असं फोल्डरचं नाव दिलं तर माउंट कमांड एफएसटॅबमधले ऑप्शन वाचून त्यात तुमचा ऑप्शन मिसळते, पण डिव्हाइस आणि फोल्डर दोन्ही दिलं तर एफएसटॅबकडे बघतच नाही आणि फक्त तुम्ही दिलेले ऑप्शन लागू करायला जाते. म्हणून एकच नाव द्या. नंतर फाइंडएमएनटी /डेटा मारून खात्री करा, ऑप्शनच्या रकान्यात रीलएटाइम जाऊन नोएटाइम आलेलं दिसलं पाहिजे. काही दिवस असंच चालवा, काही बिघडलं तर रीबूटने मूळ स्थिती येते, हा याचा फायदाच आहे.

मग एफएसटॅब. सुडो सीपी ने आधी फाइलची तारीख घालून कॉपी करून ठेवा. त्यात प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात: कोणती डिस्क, कुठे, कोणती फाइल सिस्टिम, ऑप्शन, डंप आणि एफएसकेचा क्रम. पहिल्या रकान्यात /डेव्ह/एसडीबी१ लिहिलेलं असेल तर ते आजच बदलून यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख-क्रमांक) लिहा, बीएलकेआयडी मारलं की मिळतो. एसडीबी, एसडीसी ही नावं बूटच्या वेळी डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर पडतात, नवी डिस्क लावली किंवा कंट्रोलर बदलला की नावं सरकतात, क्लाउडवरच्या एनव्हीएमई डिस्कच्या बाबतीत तर हे सर्रास होतं. चौथ्या रकान्यात डीफॉल्ट्स,नोएटाइम,नोफेल. सहाव्यात डेटा डिस्कला २, रूट पार्टिशनला १, आणि एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर ०.

नोफेल का? एफएसटॅबमधली डिस्क सापडली नाही की सिस्टिमडी (बूट आणि सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) डीफॉल्टने ९० सेकंद वाट बघतं आणि मग सगळं बूट थांबवून इमर्जन्सी मोडमध्ये जातं, जिथे एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, नसतं. यूयूआयडीत एक अक्षर चुकलं तरी हेच होतं. उबुंटूवर रूटला पासवर्ड सहसा सेटच केलेला नसतो, त्यामुळे समोर मॉनिटर-कीबोर्ड लावूनही कधीकधी पुढे सरकता येत नाही, रेस्क्यू मोडची पायपीट करावी लागते. नोफेल असलं तर डेटा डिस्क नसतानाही सर्व्हर उठतो आणि तुम्ही आत शिरून दुरुस्त करू शकता. दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरला नोफेल नसणं मला मान्यच नाही.

पण नोफेलची दुसरी बाजू कुणी सांगत नाही ती वाचा. डिस्क माउंट झाली नाही, सर्व्हर उठला, आणि /डेटा हे आता रूट पार्टिशनवरचं एक साधं रिकामं फोल्डर आहे. तुमचं ॲप्लिकेशन आनंदाने त्यात फाइली लिहायला लागतं, रात्रीचा बॅकअप त्यातच ओततं, सकाळपर्यंत रूट पार्टिशन गच्च. आणि नंतर डिस्क माउंट केलीत की त्या फाइली खाली झाकल्या जातात, दिसतही नाहीत आणि जागाही अडवून बसतात. याला उपाय दोन, मी दोन्ही करतो. एक, डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर सुडो सीएचअ‍ॅटर +आय /डेटा मारून ठेवा, मग डिस्क नसेल तेव्हा त्यात रूटलाही काही लिहिता येत नाही, आणि डिस्क माउंट झाली की वर डिस्कचं स्वतःचं फोल्डर येतं त्यामुळे काम नेहमीसारखं चालतं. दुसरा, ॲप्लिकेशनच्या सिस्टिमडी सर्व्हिस फाइलमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा अशी ओळ घाला, म्हणजे डिस्क माउंट असल्याशिवाय सर्व्हिस सुरूच होणार नाही.

फाइल सेव्ह केल्यावर रीबूट करून बघू असं करू नका. सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय मारा, ते एफएसटॅबमधली चुकीची यूयूआयडी, नसलेलं फोल्डर वगैरे दाखवतं. मग सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, हे विसरू नका, कारण सिस्टिमडी एफएसटॅब वाचून स्वतःची माउंट युनिट बनवतं आणि रीलोड होईपर्यंत त्याच्या डोक्यात जुनीच असतात. मग जमत असेल तर लोक नसताना सर्व्हिस बंद करून युमाउंट /डेटा आणि माउंट -ए, ही खरी परीक्षा, कारण बूटला साधारण हेच होणार आहे, आणि सीएचअ‍ॅटरचं कामही त्याच मधल्या वेळात उरकून घ्या. अनमाउंट करणं शक्य नसेल तर निदान सुडो माउंट -ओ रीमाउंट /डेटा, तेवढ्यानेही ऑप्शनमधली टायपिंगची चूक बाहेर येते. एवढं झाल्यावरच कधी रीबूटची वेळ ठरवा, आणि त्याआधी कन्सोलचा (सर्व्हर नीट उठला नाही तरी दुरून त्याच्या स्क्रीनवर जाण्याचा) रस्ता उघडा आहे ना ते बघा, आयड्रॅक, आयएलओ, क्लाउडचं सीरियल कन्सोल जे असेल ते, पासवर्डसकट एकदा लॉगिन करून.

ट्यूनटूएफएस हातात घेतलंच आहे तर त्याच बैठकीत दोन गोष्टी आणखी बघा. -एल च्या आउटपुटमध्ये एरर्स बिहेवियर समोर कंटिन्यू असेल, डीफॉल्ट तेच आहे. म्हणजे फाइल सिस्टिमच्या हिशोबात गडबड सापडली तरी लिहिणं चालूच ठेवायचं, त्यामुळे एका ठिकाणची खराबी चांगल्या फाइलींपर्यंत पोचते. डेटा डिस्कला मी -ई रीमाउंट-आरओ लावतो, गडबड दिसली की फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती होते, लोकांचे फोन येतात हे खरं, पण कागदपत्रं वाचतात. उबुंटूचे जुने इन्स्टॉलर रूट पार्टिशनसाठी एफएसटॅबमध्ये हे आपणहून टाकायचे, डेटा डिस्क आपण हाताने लावलेली असते म्हणून तिथे राहून जातं. दुसरं, मॅक्सिमम माउंट काउंट आणि चेक इंटरव्हल. हल्लीच्या फाइल सिस्टिमला हे बंद असतं, पण जुन्या काळी बनवलेली असेल तर अमुक वेळा माउंट झाल्यावर किंवा सहा महिने उलटल्यावर बूटच्या वेळी अचानक पूर्ण तपासणी सुरू होते आणि २ टीबीला ती बराच वेळ घेते, लोकांना वाटतं सर्व्हर हँग झाला, कुणीतरी मधेच पॉवर बंद करतं. तसं असेल तर -सी ० -आय ० करून बंद करा, आणि त्याबदल्यात वर्षातून एक-दोनदा ठरवून, अनमाउंट करून, ईटूएफएसके -एफ चालवा.

तुम्हाला त्याच लेखांत डेटा=राइटबॅक, बॅरियर=०, जर्नल (क्रॅशनंतर सावरायला ठेवलेली बदलांची नोंदवही) काढून टाका असे सल्लेही दिसतील. कृपया कागदपत्रांच्या सर्व्हरवर हे करू नका. बॅरियर बंद म्हणजे डिस्कच्या कॅशमधलं प्रत्यक्ष डिस्कवर पोचलं की नाही याची हमी घालवणं, वीज गेली की मग फाइल सिस्टिम आणि डेटाबेस दोन्ही अर्धवट. राइटबॅकमध्ये क्रॅशनंतर फाइलच्या आत जुना कचरा डेटा येऊ शकतो. शिवाय एक जीवघेणा बारकावा आहे, डेटा= हा ऑप्शन रीमाउंटच्या वेळी बदलता येत नाही. रूट पार्टिशन बूटला आधी रीड-ओन्ली माउंट होतं आणि मग एफएसटॅब वाचून रीमाउंट होतं, तेव्हा रूटच्या ओळीत कुणी डेटा=राइटबॅक लिहून ठेवलं असेल तर ते रीमाउंटच फेल होतं आणि अख्खी सिस्टिम रीड-ओन्ली राहते. एका शब्दाने सर्व्हर आडवा.

रेडहॅट ७ पासून पुढच्या किंवा रॉकी, अल्मा अशा सर्व्हरवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच, तिथे डीफॉल्ट एक्सएफएस असतं, त्याला ट्यूनटूएफएस चालत नाही आणि रूटसाठी ५ टक्के राखायची भानगडही नाही. माहितीसाठी एक्सएफएस_इन्फो, लेबल-यूयूआयडी बदलायला एक्सएफएस_अ‍ॅडमिन आणि तेही अनमाउंट करून. क्लाउडवर स्नॅपशॉटवरून बनवलेली डिस्क त्याच सर्व्हरला लावली तर एक्सएफएस माउंटच होत नाही कारण दोन्हीचा यूयूआयडी सारखा, तात्पुरतं -ओ नोयूयूआयडी देऊन फाइली काढून घ्या, कायमची ठेवायची असेल तर यूयूआयडी नवा बनवा. ईएक्सटी४ मात्र अशी जुळी डिस्क मुकाट्याने माउंट होऊ देतं, आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडी असेल तर पुढच्या बूटला दोघांपैकी कोणती माउंट होईल सांगता येत नाही, तेव्हा स्नॅपशॉटमधून काम झालं की ती डिस्क काढून टाका.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आज स्टॅट -एफ बघून फ्री किती ते लिहून घ्या, जुने बॅकअप दुसरीकडे हलवा, -एम १ आणि -ई रीमाउंट-आरओ चालवा, ही दोन्ही कामं भरदुपारी लोक बसलेले असतानाही होतील. नोएटाइम आणि एफएसटॅब सुट्टीच्या दिवशी, कन्सोल हाताशी ठेवून. आणि नवी डिस्क मागवायला आत्ताच सांगा, कारण मोकळी झालेली जागा तुमच्या बॅकअपच्या वेगाने फार टिकणार नाही. नवी डिस्क आली की तिच्यावर थेट पार्टिशन न करता एलव्हीएम (अनेक डिस्कची जागा एका गटात, म्हणजे व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, घेऊन त्यातून व्हॉल्यूम कापून देणारी सोय) टाकून मग ईएक्सटी४ बनवा, पुढे जागा कमी पडली की आणखी एक डिस्क व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घालून एलव्हीएक्स्टेंड -आर ची एक कमांड, व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टिम दोन्ही चालू असतानाच वाढतात. ईएक्सटी४ लहान करायचं तर मात्र अनमाउंट करावं लागतं आणि एक्सएफएस लहान होतच नाही असं धरून चाला, म्हणून सुरुवातीला व्हॉल्यूम गरजेपुरताच ठेवा आणि बाकीची जागा ग्रुपमध्ये मोकळी सोडा. बॅकअपसाठी वेगळी डिस्क, शक्यतो वेगळं मशीन, आणि त्यावर फक्त मोठ्या टार फाइली जाणार असतील तर फाइल सिस्टिम बनवताना -टी (मोठा टी) लार्जफाइल द्या. तेव्हा दर १६ केबीऐवजी दर १ एमबीला एक आयनोड बनतो आणि एरवी आयनोडच्या तक्त्यात जाणारी जवळपास दीड टक्का जागा, २ टीबीला सुमारे २९ जीबी, तुमच्या बॅकअपला मिळते.